सार्वजनिक आरोग्यातले पेच: खरे किती, लादलेले किती

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून काही वर्षं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास चालला. तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार बायका त्यात होत्या. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले आणि ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्या भागात पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात तपासणी ठेवलीच नव्हती. या भागातल्या बायकांना नेहमी जे मिळतं तेच मिळणार होतं, आणि ग्रामीण मराठवाड्यात या आजारासाठी नेहमी मिळत होतं ते जवळजवळ काहीच नाही.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे यातून जगाला कळलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून असाच दुसरा अभ्यास सुरू होता. तिथे दीड लाख बायका होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी त्यांच्याकडून करून घेतली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही मोठीच कामगिरी होती. पण या दोन आणि तमिळनाडूतल्या तिसऱ्या अशाच अभ्यासात मिळून, तपासणी न मिळालेल्या गटांत २५४ बायकांचा मृत्यू झाला. त्यावरून एका अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने जाहीर आक्षेप घेतला: पॅप स्मिअरने मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशकं माहीत असताना, हजारो बायकांना विनातपासणी ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे कशाला? अमेरिकी सरकारच्या संबंधित कार्यालयानेही, मुंबईतल्या बायकांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा ठपका ठेवला.

संशोधकांचं उत्तर असं की भारतात अशी तपासणी कुणाचीच होत नव्हती. त्यामुळे तुलनेच्या गटाकडून काही काढून घेतलं गेलं नाही. उलट त्या बायकांना आजाराची लक्षणं सांगितली गेली, ज्या आजारी निघाल्या त्यांना उपचार मिळाले. शिवाय इथल्या परिस्थितीत, इथल्या माणसांकडून, इथल्या पैशात हे जमतं याचा पुरावा नसता तर कुठलंही सरकार हललं नसतं.

या उत्तरात तथ्य आहे, हे मी मनापासून मानतो. तरीही ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. ‘इथे असंच असतं’ ही सरकारने कित्येक वर्षं न केलेल्या खर्चाची परिस्थिती, आणि तीच इथे नैतिक समर्थन म्हणून पुढे येते. वैद्यकीय नीतीच्या चर्चा बहुधा डॉक्टरपुढे पडलेल्या कोड्याभोवती फिरतात: अमक्या वेळी काय करावं, कुणाला आधी वाचवावं. महाराष्ट्रातली गेल्या सव्वाशे वर्षांतली प्रकरणं शेजारीशेजारी ठेवून पाहिली की वेगळंच दिसतं. यातले काही पेच खरे आहेत, दोन्ही बाजूंना न्याय असलेले. पण बरेचसे आधीच कुणीतरी घेतलेल्या निर्णयांतून तयार झालेले असतात, आणि ते सोडवायची वेळ येते तेव्हा ज्याच्या अंगावर ते येणार त्यालाच कुणी विचारलेलं नसतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहण्यासाठी माणसांना, बायकांनासुद्धा, उघड्यावर तपासलं गेलं. सामान बाहेर काढून जाळलं, रोग्याला घरच्यांपासून तोडून नेलं. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात सहसा येत नाही ती गोष्ट अशी की रोग्याला वेगळं ठेवणं मुळात चुकीचं नव्हतं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आणून मुलगा यशवंतरावांच्या दवाखान्यात शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याही दवाखान्यात रोगी घरापासून दूरच नेला जात होता. पण रोगी आणणारी बाई ओळखीची होती, त्याच्या जातीचा विटाळ न मानणारी होती, आणि तिने स्वतःचा जीव त्याच्याइतकाच धोक्यात घातला होता. साथीच्या काळात सक्ती कधी योग्य ठरते याबद्दल मोठमोठे ग्रंथ आहेत. मला त्यातली एक कसोटी सर्वांत महत्त्वाची वाटते: सक्ती करणाऱ्याने सक्ती सोसणाऱ्याच्या जेवणाची, मजुरीची आणि अब्रूची जबाबदारी घेतली का? १८९७ मध्ये ती घेतली नव्हती. २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, टाळेबंदी झाली आणि महामार्गांवरून बाया-माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत निघाली. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी म्हणून. ती हवीच होती. पण विलगीकरणात ठेवलेल्या माणसाच्या हक्कांबद्दल एक ओळही त्या कायद्यात आली नाही.

कोविडमधल्या खाटांची गोष्ट थोडी वेगळी. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. मुंबईत प्रभागवार वॉर रूम उघडल्या आणि खाट कुणाला द्यायची हे ओळखीपाळखीऐवजी तिथून ठरू लागलं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ठाऊक आहे की ही व्यवस्था पूर्ण न्यायी नव्हती, पण आधीच्यापेक्षा पुष्कळ बरी होती. याउलट २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी लोक औषधांच्या दुकानांसमोर रात्र-रात्र रांगेत उभे राहिले. नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि ‘कुठूनही आणा’ म्हणायचं, असं कित्येक ठिकाणी चाललं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरातच दिला होता. थोड्या कुप्या आणि पुष्कळ रोगी, हा पेच सगळ्यांना दिसत होता. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने नातेवाइकाला एवढंच सांगितलं असतं की या औषधाने जीव वाचतो असा पुरावा नाही, तर किती तरी घरांचे दागिने वाचले असते.

सांगणं आणि विचारणं याला आपल्याकडे संमती म्हणतात, आणि ती कागदावर घेतात. कुठल्याही मोठ्या रुग्णालयात रोग्याला दाखल करताना खिडकीतून चार-पाच छापील कागद पुढे येतात. बहुधा इंग्रजीत. पेनाने फुल्या मारलेल्या असतात: इथे, इथे आणि इथे सही करा. सही रोग्याचा मुलगा करतो, जावई करतो, रोगी शुद्धीवर बसलेला असला तरी. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की दुर्बिणीने फक्त तपासणी करायची संमती घेऊन, रोगी भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय काढणं बेकायदा आहे. सज्ञान बाईची संमती तिचीच हवी. निकाल होऊन इतकी वर्षं झाली, तरी फुल्या मारायची पद्धत बदलली नाही.

मग बीड जिल्ह्याकडे पाहावं. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. खाडा झाला तर दंड. पालावर ना न्हाणीघर ना संडास. अशा बाईच्या अंगावरून जायला लागलं, पाळीत पोट दुखायला लागलं, की ती गावाकडे आल्यावर तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं आणि कर्ज काढून पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये हे उघडकीला आल्यावर राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

या बायकांच्या सह्या होत्या. संमतिपत्रं फायलींत व्यवस्थित लावलेली असतील. कुणी म्हणेल, बाईने स्वतःच मागितलं, पाळीची कटकट नको म्हणाली. म्हणालीही असेल, ज्या बाईला चार दिवसांचा खाडा परवडत नाही ती आणखी काय म्हणणार? इथे दोष फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या लोभाचा मानून थांबता येत नाही. उचल, खाडा, पालावरची घाण आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नसणं, या सगळ्यांनी मिळून ती सही करून घेतली. नंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली गेली. त्याने अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा बसावा हा हेतू चांगलाच. पण आता जिला खरोखर गरज आहे तिच्या देहाबद्दलचा निर्णय आणखी एका टेबलावर गेला. फडातला संडास आणि पाळीची भरपगारी सुट्टी यांना अशी कुठलीच परवानगी लागली नसती.

कुणाच्या तरी वतीने दुसऱ्यानेच सही करण्याचा सर्वांत महाग पडलेला प्रकार २००९-१० मधला आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना एचपीव्ही लस दिली गेली. त्यात आदिवासी वसतिगृहांतल्या मुली होत्या आणि त्यांच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण विचारलंच नव्हतं म्हटल्यावर उत्तरावर विश्वास कोण ठेवणार? संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. कार्यक्रम थांबला आणि एक चांगली, उपयोगी लस देशाच्या लसीकरणात यायला कित्येक वर्षांचा उशीर झाला. बार्शी-धाराशिवच्या बायका ज्या कर्करोगाने गेल्या, तोच टाळणारी ही लस. माणसांना विचारण्यात वेळ जातो अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे प्रकरण मुळातून वाचावं.

तुलनेचा गट ठेवूनही वेगळ्या रीतीने काम करता येतं, याचं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला; ४७ गावं तुलनेसाठी होती, तिथे सरकारी सेवा चालू होत्या. पहिल्या वर्षी नुसती नोंद केली तेव्हा दिसलं की निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि मिळाले ते शंभरात तिघांनाही नाही. मग गावातल्याच थोडं शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती, आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. डॉक्टर नसलेल्या बाईने चार दिवसांच्या बाळाला सुई टोचायची, यावर बालरोगतज्ज्ञांमध्ये वाद झाला. तो वाद खरा होता. चुकीचा डोस बाळाचे कान किंवा मूत्रपिंड निकामी करू शकतो. दुसऱ्या पारड्यात काय होतं, तर रुग्णालयापर्यंत न पोहोचणारं बाळ. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला आणि पुढे आशांमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर गेला. इथली तुलना मला धाराशिवच्या चौथ्या गटापेक्षा अधिक पटते, कारण घरी, आरोग्यदूताच्या हातून, हे सुरक्षितपणे होईल की नाही हे तेव्हा खरोखरच कुणाला माहीत नव्हतं. पॅप स्मिअरबद्दल तसं म्हणता येत नाही.

क्षयरोगात खऱ्या आणि लादलेल्या पेचांचा गुंता सर्वांत दाट आहे. २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे. साथ रोखायची तर ते हवंच. पण लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी आरोग्य कर्मचारी चौकशीला आला की गल्लीत काय होतं, हे सांगायला नको. त्याहून अवघड प्रश्न औषधांचा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं बेडाक्विलिन हे औषध भारतात २०१६ मध्ये आलं ते मोजक्या केंद्रांपुरतं. बेताल वापर झाला तर जंतू त्यालाही दाद देणार नाहीत, ही भीती मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिलेली होती. औषधांना अजिबात न जुमानणारा क्षय इथेच नोंदवला गेला होता. पण पाटण्याच्या एका मुलीला दिल्लीत ते नाकारलं गेलं ते, इतर कारणांबरोबर, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून. तिच्या वडिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर औषध मिळालं; २०१८ मध्ये ती गेली. त्याच काळात बाकीच्या रोग्यांना जुनी इंजेक्शनं चालू होती, कित्येकांची श्रवणशक्ती घेऊन जाणारी. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे कान असेच गेले. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सहकारी रुग्णाबरोबर बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवू नये यासाठी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. औषध जपून वापरायचं हा पेच खरा होता. ते दुर्मिळ आणि महाग ठेवणं मात्र माणसांनी ठरवलं होतं. हा फरक कोर्टात आणि पेटंट कार्यालयात दाखवून दिला तो रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी.

ज्यांना मी निःसंशय खरे पेच म्हणेन, ते आयुष्याच्या दोन टोकांना आहेत. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला. आईबापांना उपलब्ध असलेली माहिती राज्याने मुद्दाम नाकारली आणि ते योग्यच केलं, असं माझं मत आहे. २००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याने विसाव्या आठवड्यानंतर गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने नाकारली. गर्भपाताचा कायदा बदलायला २०२१ उजाडलं. दुसऱ्या टोकाला केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं त्या भान हरपलेल्या अवस्थेत त्याच रुग्णालयात होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी दयामरण मागितलं आणि केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. ज्यांनी इतकी वर्षं त्यांच्या पाठीला एक जखमही होऊ दिली नाही, त्यांचा शब्द न्यायालयाने ७ मार्च २०११ ला मानला. दोन्ही बाजूंना माया होती. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध थांबवून देह ठेवला, ते आपल्या समाजाने आदराने स्वीकारलं होतं. पण अरुणाताई काय म्हणाल्या असत्या हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं वैद्यकीय इच्छापत्र महत्त्वाचं. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. तोवर, आणि अजूनही, अतिदक्षता विभागातल्या आशा संपलेल्या रोग्याचं कुटुंब ‘डामा’ घेतं: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतो, असं लिहून देतं. व्हेंटिलेटर काढतात, कुणीतरी हाताने फुगा दाबत रोग्याला रुग्णवाहिकेतून गावी नेतं. डॉक्टरला कायद्याची भीती असते, घरच्यांकडचे पैसे संपलेले असतात, आणि मरणाऱ्याला वेदनाशामक द्यायचीही सोय उरत नाही.

पैसे हा शब्द आला की बहुतेक नीतिचर्चा गप्प होतात. अत्यवस्थ रोग्यावर उपचार नाकारता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तरी २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या नातेवाइकांकडे एका धर्मादाय रुग्णालयाने लाखोंची अनामत मागितल्याचं प्रकरण गाजलं आणि त्या बाईचा मृत्यू झाला. यात नैतिक कोडं काहीच नव्हतं. काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं होतं.

डॉ. अनंत फडके, डॉ. अरुण गद्रे, डॉ. अमर जेसानी यांच्यासारखे डॉक्टर आणि मुंबईची ‘सेहत’ संस्था गेली कित्येक वर्षं हेच सांगत आली आहेत. त्यांच्या आणि इतरांच्या रेट्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्ण हक्कांची सनद आली. ती आणि सेवांचे दर दर्शनी भागात लावणं प्रत्येक खाजगी नर्सिंग होमला बंधनकारक आहे, आणि तक्रार ऐकण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर आहे. पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा ती सनद भिंतीवर शोधा. दिसली नाही तर मागा, तरीही मिळाली नाही तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. आणि सहीसाठी कागद पुढे आला तर तो मराठीत समजावून मागा, रोगी शुद्धीवर असेल तर त्याच्याच हातात द्या.